ड्रोन झाडावर अडकलंय? आधी जिना चढा

तुम्ही लिहिलंय की 250 ग्रॅमच्या आतलं ड्रोन बोरिवलीत तुमच्या सोसायटीच्या पर्जन्यवृक्षात परवापासून अडकलंय, साधारण चौथ्या मजल्याच्या उंचीवर, आणि वॉचमन चढायला तयार आहे. त्याला आधी नाही म्हणा. पर्जन्यवृक्ष खालून भक्कम दिसतो, पण ड्रोन नेहमी फांदीच्या टोकाशी अडकतं आणि तिथे माणसाचं वजन पेलत नाही. गुलमोहर तर त्याहून ठिसूळ.

माझी दोन ड्रोनं झाडांत गेली. दोन्ही वेळा अडकताना काही झालं नाही, जे काय झालं ते काढताना. पहिल्या वेळी पोरांनी उत्साहाने दगड मारले. ड्रोनचा एक हात मोडला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीची काच फुटली. काचेचे पैसे अर्थात मी भरले. दुसऱ्या वेळी शहाणपणा माझाच होता. रिमोटवरून मोटरी सुरू केल्या, म्हटलं झटका बसून सुटेल. पात्यात डहाळी अडकली आणि एक मोटर जळली. तुमची बॅटरी एव्हाना उतरली असेल, म्हणजे हा मोह तरी टळला. (पहिल्या तासाभरात अ‍ॅपमधून बीप वाजवून जागा शोधता येते. नंतर नाही.)

आता मान वर करून खाली उभं राहणं बंद करा आणि जिना चढा. प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीतून, मग गच्चीतून बघा. खालून 40 फूट उंच वाटणारं माझं ड्रोन तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून जेमतेम 7 फुटांवर होतं. त्यांच्याकडे आंबे काढायचा झेला निघाला, गावाहून आणलेला. त्याचं पातं काढलं, जाळी ड्रोनच्या खाली धरली आणि दुसऱ्या काठीने फांदी हलवली. 10 मिनिटांचं काम, त्यात चहाची 5. झेला नसेल तर रंगाऱ्याची लांब होणारी काठी चालते. पण ती अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि आपल्याकडे झाडांतून केबलच्या आणि कसकसल्या वायरी गेलेल्या असतात. त्यापेक्षा सुका बांबू बरा. खिडकीच्या ग्रिलवर मात्र उभं राहू नका, ते कुंड्यांसाठी असतं.

इमारत लांब असेल तर दोरी. मासेमारीची तंगूस घ्या, टोकाला मोज्यात 200 ग्रॅम मूग भरून बांधा. शिशाचं वजन नको, सुटलं तर कोणाच्या तरी डोक्यात. ड्रोनवर नेम धरू नका. ते ज्या फांदीवर आहे, तिच्यावरून पुरचुंडी पलीकडे टाकायची, मग तंगुशीला सुतळी आणि सुतळीला नायलॉनची दोरी बांधून ओढून घ्यायची. दोन्ही टोकं धरून झोके दिल्यासारखी फांदी हलवा, हिसके देऊ नका. खाली चौघांनी जाडी चादर ताणून धरायची. 20-25 वेळा नेम चुकेल, त्यात लाज नाही. सकाळी लवकर करा, दुपारी खारा वारा सुटला की मोजा भलतीकडेच जातो.

हे सगळं करण्याआधी घरटं आहे का बघा. मे महिन्यात कावळ्यांची पिल्लं असतात आणि कावळे टोचा मारताना तुमचं वय बघत नाहीत. आंब्या-जांभळावर ओंबील (चावऱ्या लाल मुंग्या) असतात, पण आग्या मोहोळ दिसलं तर ड्रोन विसरा.

माणूस लावायचाच असेल तर नारळ पाडणाऱ्याला बोलावू नका. माडाच्या सरळ खोडावर तो राजा, पसरलेल्या फांद्यांचं काम वेगळं. मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी चालू असते, तिथल्या कंत्राटदाराच्या माणसांना विचारा. त्यांच्याकडे दोर असतात, कधी हायड्रॉलिक शिडीही असते. "एवढीशी फांदी कापून टाकू" असं कोणी म्हणालं तर थांबवा. आपल्या कंपाउंडमधली असली तरी तिला पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा त्यासाठीच आहे. 101 ला फोन करू नका, आग विझवणाऱ्यांना ती कामं पुरेशी आहेत. झाड रेल्वेमार्गालगत असतं तर मी एवढंच लिहिलं असतं की सोडून द्या. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात.

हातात आलं की लगेच चालू करू नका. बॅटरी काढा, फुगली असेल तर पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. पाती चारही बदला, चीर डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याची मान बोटाने हलवून बघा, अडखळली तर दुरुस्तीला द्या.

आणि ते झाडात गेलं कसं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण परतीची उंची (ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येतं ती) झाडापेक्षा कमी ठेवली होती ना? छोट्या ड्रोनला बहुतेक वेळा समोरचं दिसत नाही, ते नाकासमोर घरी येतं. ती उंची वाढवून ठेवा, आणि पुन्हा उडवण्याआधी पोलिसांचा मनाईचा आदेश चालू आहे का ते बघा. 2021 च्या नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, पण मुंबईतला आदेश वजन विचारत नाही.

तुमच्या बी विंगच्या जिन्यातून झाड किती लांब आहे, ते फोटोसकट टाका. मग काठी की दोरी ते सांगतो.