हप्ता बिलातून सुटेल का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जुनं घर, वरचा मजला, छताला इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) नाही. हिवाळ्यात चौघं एकाच खोलीत झोपता, हीटर संध्याकाळी तीन तास, आणि रोज सकाळी खिडकीच्या काचेवरचं पाणी टॉवेलने टिपायचं. मागच्या खोलीची भिंत बुरशीने काळी पडली आहे. शहराच्या योजनेत तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत: छताच्या इन्सुलेशनला 60 टक्के अनुदान, किंवा हीट पंपासकट (बाहेरची ऊब आत ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) सगळं काम सात वर्षांच्या कर्जावर. माहितीपत्रकात म्हटलंय, बिल 40 टक्क्यांनी उतरेल आणि हप्ता त्यातूनच सुटेल. हाताशी चार महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे.

कर्ज घेऊ नका. छताचं काम मात्र थंडी सुरू व्हायच्या आत उरकून घ्या.

ते 40 टक्के कशाचे, हे आधी बघा. सगळं घर, गरजेइतका वेळ, नीट तापवलं तर जे बिल येईल, त्याचे. ते बिल 100 धरलं, तर हात आखडून हीटर लावणाऱ्या तुमच्या घराचं आजचं बिल 60 आहे. काम झाल्यावर सगळं घर 60 मध्ये उबदार राहील; म्हणजे बिल जिथल्या तिथं! आतासारखेच एका खोलीत कोंडून राहिलात तर 36 वर येईल, पण मग काम केलं कशाला? माणसं मध्येच कुठेतरी थांबतात. 50 धरू. बचत झाली 10 आणि हप्ता बेतलाय 40 वर. उरलेले 30 किराण्यातून जातील.

केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या सुमारे 3,400 घरांचे आकडे मांडले, तेव्हा घर तापवायला होणारा ऊर्जेचा प्रत्यक्ष वापर कागदावरच्या हिशेबापेक्षा सरासरी 30 टक्के कमी निघाला. घर जितकं गळकं, म्हणजे ऊब बाहेर सोडणारं, तितकी ही तफावत मोठी.

याच तफावतीचा तुम्हाला फायदाही होऊ शकतो. ‘आम्ही उत्पन्नाच्या 8 टक्केच बिल भरतो, म्हणून गरजूंच्या यादीत बसत नाही’ असं तुम्ही लिहिता. ब्रिटनमध्ये 1991 पासून रूढ झालेली इंधन-गरिबीची (घर उबदार ठेवणं न परवडण्याची) व्याख्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची होती, पण ती घर पुरेसं उबदार ठेवायला लागणाऱ्या खर्चाची, भरलेल्या बिलाची नव्हे. तुमचं आजचं 60 चं बिल उत्पन्नाच्या 8 टक्के, तर 100 चं 13 च्या वर. तुमच्या योजनेत कोणता आकडा धरतात, हे अर्ज भरण्याआधी खिडकीवर विचाराच.

छतच आधी का? ऊब तिथून निसटते आहे आणि त्या कामाला पुढे देखभाल जवळपास नाही. शिवाय घर गळकं असताना पंप बसवलात तर गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागेल. तुमच्या वाट्याचे 40 टक्के म्हणजे जेमतेम एका महिन्याचा खर्च. तेवढेच शिल्लकीतून काढा, उरलेल्या तीन महिन्यांना हात लावू नका.

कामाच्या दर्जाबद्दल मात्र धास्ती बाळगा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं की सरकारी योजनांतून बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्त करावे लागणारे मोठे दोष आहेत. तुमचं काम छताचं आहे, तरी फटी बुजवल्या आणि दमट हवेला वाट ठेवली नाही, तर ती बुरशी आणखी पसरेल. म्हणून स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा आधी. छत झाकण्यापूर्वी फोटो मागा, आणि कंत्राटदाराच्या पैशांचा शेवटचा हप्ता पहिला थंडीचा महिना पाहूनच द्यायचा, असं करारात लिहून घ्या. कंत्राटदार कुरकुर करेल. करू दे.

मागच्या खोलीत एक थर्मामीटर टांगा. जागतिक आरोग्य संघटना थंड हवेत घरात किमान 18 अंश तापमान सुचवते. सासूबाईंना त्याहून थोडं जास्तच लागेल. हिवाळा संपला की बिलं आणि त्या खोलीतले आकडे पाठवा, मग पंपाचं बोलू.