परदेशातून डॉक्टर होऊन आल्यावर

प्रश्न : मुलगी किर्गिझस्तानात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला आहे. परतल्यावर तिला लगेच दवाखाना टाकता येईल का? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, लगेच नाही. आधी एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टर झालेल्यांना इथे द्यावी लागणारी पात्रता परीक्षा : ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नको म्हणावं. मग इथे वर्षभराची इंटर्नशिप आणि त्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी. त्याआधी स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही.

पण मला खरी काळजी कागदांची वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला हवा. वर तिथलीच १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय त्या देशात प्रॅक्टिस करायला ती पात्र ठरायला हवी. एजंट हे सांगतोच असं नाही. तिथे किती काळ राहिलं, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिसतं; म्हणून माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही पासपोर्टचं पान न् पान झेरॉक्स केलं होतं. एका पानावरचा शिक्का इतका पुसट, की उजेडात धरून तारीख वाचली. तिचे जुने पासपोर्ट, नीटचा निकाल, प्रवेशपत्र एकाच फायलीत ठेवा. आणि कॉलेजकडून अभ्यासक्रमाच्या आणि इंटर्नशिपच्या महिन्यांचा हिशेब आजच लेखी मागवा.