वाचक विचारतात : ड्रॅगनची प्रेमकथा

प्रश्न : माणसाचं रूप घेणाऱ्या ड्रॅगनची प्रेमकादंबरी आमच्या कोथरूडच्या वाचनगटात निम्म्या जणींना आवडली, निम्म्यांना पटली नाही. चर्चा 'मला आवडली बाई'पुढे सरकतच नाही. काय करावं?

उत्तर : आधी नियम तपासा. रूप बदलताना कपडे, वजन, जखमा यांचं काय होतं, ती पानं पेन्सिलीने टिपा. शेवटच्या लढाईत हाच नियम मोडला, की वाचक चिडतो, आणि रास्तच चिडतो. खरी मेख मात्र जन्मजात जोडीच्या बंधनात, म्हणजे नायक-नायिका जन्मापासूनच एकमेकांसाठी ठरलेले असण्यात, असते. नायिका 'नाही' म्हणू शकते, असा एक तरी प्रसंग शोधा. नसेल तर प्रेम आयतं वाटतं. खजिन्यावर बसणारा ड्रॅगन युरोपीय कथांतला. चिनी ड्रॅगन, म्हणजे लूंग, पाऊस आणतो. नायक कुठल्या घराण्यातला, हेही बघा. आणि कुणाचं वाचून व्हायचं असेल, तर शेवट फोडू नका.