उक्तं की रोजानं?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. चीनची शेतीसुधारणा हा विषय झकास आहे. पण पहिल्याच पानावर तू 'प्रोत्साहन मिळाले, म्हणून उत्पादन वाढले' असं लिहून मोकळी झालीस. अगं, जे शोधायचं तेच गृहीत धरलंस!

गावाकडे काम उक्तं देतात किंवा रोजानं, हे तू पाहिलं असशीलच. रोजानं लावलेल्या गड्यावर बांधावर उभं राहून लक्ष ठेवावं लागतं. उक्तं घेणारा आपणहून भराभर उरकतो. (नीट करतो का, हा वेगळाच प्रश्न.) चिनी कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीत, गडी तुकड्यांनी राबत; दिवसाच्या कामाचे गुण मांडत आणि वर्षाअखेरी तुकडीचं उत्पन्न त्या गुणांच्या प्रमाणात वाटत. पण रोप वरवर खोचलं की मन लावून लावलं, हे संध्याकाळी गुण मांडणाऱ्याला कसं कळणार? मग सगळ्यांना जवळपास सारखेच गुण, आणि सगळ्यांनी पाट्या टाकायच्या. १९७८ च्या हिवाळ्यात आनह्वेई प्रांतातल्या शियाओगांगच्या १८ कुटुंबांनी गुपचूप जमीन वाटून घेतली आणि कागदावर अंगठे उठवले. सरकारचा वाटा घातला की उरलेलं घरचं. हीच ती नवी कुटुंब-पद्धत, पुढे देशभर पसरलेली. गोष्ट फार देखणी आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहा. अठरा अंगठ्यांवर प्रबंध उभा राहत नाही.

कारण त्याच सुमारास इतरही बरंच बदलत होतं. १९७९ मध्ये सरकारने सरकारला सक्तीने विकायच्या कोट्यातल्या धान्याचा भाव २० टक्क्यांनी वाढवला, कोट्याहून जास्तीच्या धान्याला त्याहून ५० टक्के जास्त देऊ केला. खतांचा वापर वाढत होता, संकरित भात पसरत होता. मग श्रेय कुणाचं?

मॅकमिलन, व्हॅली आणि झू या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये हिशेब मांडला: उत्पादकतेतल्या वाढीपैकी ७८ टक्के नव्या पद्धतीमुळे, २२ टक्के भाववाढीमुळे. अर्थतज्ज्ञ जस्टिन लिन यांच्या १९९२ च्या लेखात १९७८ ते १९८४ मधल्या उत्पादनवाढीपैकी निम्म्याच्या आसपास वाटा कुटुंब-पद्धतीला जातो. तू हे दोन्ही आकडे एका ओळीत ठेवून 'अभ्यासकांत मतभेद' असं लिहिलंस. मतभेद कसला? एक उत्पादकतेचा हिस्सा आहे, दुसरा एकूण उत्पादनाचा. वाढलेलं खत एकात आधीच वजा झालंय, दुसऱ्यात नाही.

लिन यांची खुबी मात्र शिकून घे. २८ प्रांतांची १९७० ते १९८७ ची आकडेवारी, आणि नवी पद्धत सगळीकडे एकाच वर्षी आली नाही ही सोय. १९७९ अखेर देशातल्या जेमतेम १ टक्का तुकड्यांनी ती घेतली होती, १९८१ मध्ये ४५ टक्क्यांनी, १९८३ मध्ये ९८. या मागेपुढे असण्यातच तुझं सगळं भांडवल आहे. फक्त विचार: आधी कुणी घेतली? आनह्वेईसारख्या गरीब भागांनी, जिथे दुष्काळाने कंबर मोडली होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तर धान्य तसंही वाढलंच असतं.

माझ्या पहिल्या निबंधात मी असाच एक चढता आलेख मोठ्या दिमाखात काढला होता. मार्गदर्शकांनी शेजारी लाल शाईत एकच शब्द लिहिला: 'पाऊस?' सहा महिने गेले त्यात.

आणि तुझा आलेख १९८४ लाच का थांबतो? १९८५ मध्ये धान्य घटलं. उक्त्याचा फायदा एकदाच पदरात पडतो. गडी दुसऱ्यांदा रोजंदारीतून सुटत नाही. ते वर्ष वगळलंस तर परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतील.

कारखान्यांचं प्रकरण सध्या बाजूला ठेव. ग्रोव्ह्ज, हाँग, मॅकमिलन आणि नॉटन यांचा १९९४ चा लेख तेवढा वाच. ७६९ सरकारी कारखाने. निर्णयाची मोकळीक मिळाल्यावर व्यवस्थापकांनी बोनस वाढवला, कंत्राटी कामगार घेतले, उत्पादकता वाढली. सरकारी तिजोरीत जाणारी रक्कम मात्र फारशी हलली नाही. त्या शेवटच्या वाक्यात दुसरा प्रबंध दडलाय, पण तो तुझा नव्हे.

पुढच्या रविवारी ये. येताना प्रांतवार तक्ता आण, भात आणि गहू वेगळे मांडून, आणि पावसाचा रकाना सगळ्यात आधी.

तुझे,
सर