वाचकांचे प्रश्न : घरातले स्विच बॅटरीवर आणि सोलरवर

प्रश्न : केळीच्या मळ्यातल्या खोलीत १२ व्होल्टची बॅटरी बसवली आहे. तिच्यावर ९ वॅटचे पाच एलईडी बल्ब आणि २४ वॅटचा डीसी पंखा चालवायचा आहे. घरातले ६ अँपिअरचे जुने स्विच पडून आहेत. दुकानदार म्हणतो लावा, वायरमन म्हणतो नको. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, रावेर

उत्तर : एवढ्या भाराला लावा. पण वायरमनची शंका रास्त आहे. स्विचवर ‘६ ए २४० व्ही’ यापुढे नागमोडी रेघ असते, ती एसीची (घरातल्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) खूण. डीसीला (बॅटरीच्या किंवा सोलरच्या, एकाच दिशेच्या विजेला) हा स्विच किती झेपेल, ते त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

अडचण येते ती बंद करताना. टोके सुटली की मध्ये ठिणगी पडते. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तिथे ती विझते. डीसी शून्यावर येतच नाही. व्होल्टेज पुरेसे असेल तर ठिणगी ताणली जाते, पण तुटत नाही. टोके वितळतात, प्लास्टिक जळते. कधी टोके चिकटतात, मग बटण बंद आणि दिवा चालू.

ठिणगी तग धरायला साधारण १२ व्होल्ट लागतात, म्हणून तुमची बॅटरी काठावर आहे. एका बल्बचा प्रवाह पाऊण अँपिअर, पंख्याचा २. पंखा ब्रशच्या मोटरचा असेल तर बंद करताना मोटर व्होल्टेजचा झटका देते. मोटरच्या दोन टोकांवर १एन५४०८ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र हे स्विच नकोत.

खरी काळजी वायरची घ्या. सगळा भार पावणेसहा अँपिअर होतो. बॅटरीपासून खोली १० मीटरवर असेल तर १ चौरस मिमी वायरीत २ व्होल्ट वाटेतच जातील, २.५ च्या वायरीत जेमतेम पाऊण ते एक. गाडीत असतो तो १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हलगत, वीतभर अंतरात हवाच.

प्रश्न : ३ एचपी सोलर पंपाच्या पेटीतला एमसीबी जळाला. घरातला ३२ अँपिअरचा बसवू का?
– एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : नाही, तात्पुरताही नाही. ३३० वॅटची दहा पॅनेल एका ओळीत असतील तर उघडे (भार नसतानाचे) व्होल्टेज ४६० च्या आसपास असते. धुळ्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटे ते आणखी वीसेक व्होल्ट चढते, कारण पॅनेल गार असले की व्होल्टेज वाढते. घरगुती एमसीबीत ही ठिणगी विझत नाही, पेटीच पेटते.

शिवाय एका ओळीच्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह चालू प्रवाहापेक्षा थोडाच जास्त, ९-१० अँपिअर असतो. ३२ चा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. इथे हवा तो डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज हाताने तोडायचा स्विच), किमान ६०० व्होल्टचा. आयसोलेटरवर ‘डीसी-पीव्ही१’ किंवा ‘डीसी-पीव्ही२’ अशी खूण आणि व्होल्टेजपुढे सरळ रेघेखाली तुटक रेघ बघा. डीसी एमसीबीच घेत असाल तर त्यावर अधिक-उणे छापले आहे का ते पाहा. छापले असेल तर तारा उलट लावल्यावर आतले चुंबक ठिणगीला चुकीच्या बाजूला ढकलते आणि नवा एमसीबीही जळतो. किती पोल कसे जोडायचे, ते त्याच्यासोबतच्या आकृतीप्रमाणेच करा.

बंद करण्याचा क्रम : आधी कंट्रोलरवरून पंप थांबवा, मग आयसोलेटर. उन्हात, पंप चालू असताना पॅनेलच्या वायरीचे कनेक्टर ओढू नका. पेटी सावलीत बसवा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात उन्हातल्या बंद पेटीत एमसीबी आधीच तापून लवकर पडतात.

प्रश्न : १२ व्होल्टच्या एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर लावता येईल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधला ट्रायॅक (प्रवाह चालू-बंद करणारा भाग) एकदा चालू झाला की प्रवाह शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही, आणि डीसीत तो येत नाही. एसीच्या टच स्विचचेही तेच. १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) डिमर घ्या, भाराच्या दीडपट अँपिअरचा.