वाचकांचे प्रश्न : मागाविना विणकाम

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील आदिवासींची कला केंद्रे ही सरकारी विक्री केंद्रे आहेत काय? तेथील स्त्रिया हातमागावर विणतात काय?

उत्तर : यांपैकी बहुतेक केंद्रे त्या त्या समाजाच्याच मालकीची असून, सरकारी अनुदान मिळत असले तरी कारभार स्थानिक आदिवासी सदस्यांच्या मंडळाकडे असतो.

माग तेथे बाहेरून आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अर्नाबेला येथे १९४८ मध्ये ख्रिस्ती मिशनच्या हस्तकला-वर्गात लोकर कातून मागावर कापड विणले जाऊ लागले, आणि १९७०च्या दशकात बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याची कला, आली. त्याहून कितीतरी जुने विणकाम निव्वळ बोटांचे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्न्हेम लँडमधील स्त्रिया आकडीच्या लांब काठीने पँडानसची, म्हणजे आपल्या केवड्याच्या भाऊबंदाची, कोवळी पाने ओढून काढतात, कडांचे काटे सोलून पाने उभी चिरतात, वाळवतात आणि झाडांची मुळे उकळून केलेल्या पिवळ्या रंगात शिजवतात. त्याच रंगात राख मिसळली की तो तांबूस होतो. टोपलीचा पहिला वेढा पडण्याआधीच एवढे कष्ट झालेले असतात, म्हणून तिच्या किमतीत घासाघीस करणे मला अन्यायाचे वाटते.

ही कला जुन्या नमुन्यांत अडकलेली मात्र नाही. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात स्त्रियांच्या परिषदेने १९९५ मध्ये ‘जान्पी डेझर्ट वीव्हर्स’ हा उपक्रम सुरू केला, आणि त्यातील ब्लॅकस्टोन या वस्तीतील विणकरणींनी गवताची अख्खी टोयोटा गाडी साकारून २००५ चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार पटकावला.