बारावीच्या मुलीला समुपदेशकाकडे न्यावं का?

सांगलीत नीटच्या क्लासला जाणारी मुलगी पुस्तक उघडून नुसती बसून राहते, रात्री झोपत नाही, तिला समुपदेशकाकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या, परीक्षा संपायची वाट बघू नका.

समुपदेशक औषधं देत नाहीत, उपदेशाचे डोसही पाजत नाहीत. आधी ऐकून घेतात. मग झोप, अभ्यासाचं वेळापत्रक, 'कमी मार्क पडले तर पप्पांना काय सांगू' ही भीती, असं एकेक हातात घेतात. पहिल्याच भेटीत थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा. आईवडिलांसमोर मुलं मोकळेपणानं बोलत नाहीत. औषधांची गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. ओळखीचं कुणी बघेल अशी धास्ती असेल तर मिरजेला जा, पण जा.

जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली तर तिला एकटं सोडू नका, लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.